काळी, कुमैत की सब्जा? शिंगराचा रंग कुठे आणि कधी बघायचा

ओझरच्या एका दादांनी विचारलंय. घरी पाच महिन्यांची मारवाडी जातीची बछेरी, म्हणजे घोडीचं मादी शिंगरू, आहे. आई कुमैत, म्हणजे तपकिरी अंगाची आणि काळ्या आयाळ-पायांची, स्वतःच्याच दावणीची. बाप बाहेरचा, तो "पांढरा" होता एवढंच माहीत. जन्मली तेव्हा बछेरी उंदरासारखी करडी होती, पाय तर अंगापेक्षाही फिके. आता डोळ्यांभोवती आणि नाकाडावर जुने केस गळून रंग बदलतोय. वडील म्हणतात काळी निघणार. शेजारी म्हणतात आईवर जाऊन कुमैत होणार. घरी येऊन गेलेला एक व्यापारी म्हणाला, ही सब्जा आहे, काही वर्षांत पांढरी होईल. विम्याच्या कागदावर रंग लिहायचाय आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात विकायला न्यायची का तेही ठरवायचंय. कोणाचं खरं मानायचं, आणि जनुक तपासणी करावी का?

दादा, तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न अडकलेत, म्हणून घरातला वाद मिटत नाही. पहिला प्रश्न, तिचा मूळ रंग काळा की कुमैत. दुसरा, त्या मूळ रंगावर केस पिकण्याचा गुण, म्हणजे सब्जापणा, आलाय का. तिसरा, बाप पांढरा म्हणजे नेमका कोणता पांढरा. वडील आणि शेजारी पहिल्यावर वाद घालतायत, व्यापारी दुसऱ्यावर बोलतोय, आणि तिसरा अजून कोणी विचारलेलाच नाही. वडील आणि व्यापारी दोघंही बरोबर ठरू शकतात. बछेरी काळी असेल आणि सब्जाही असेल, तर ती दोन वर्षांची होईतो गडद दिसेल आणि पुढे पांढरी होत जाईल.

मी नाशिक जिल्ह्यात घोड्यांची डॉक्टर म्हणून काम करते. घोड्याचं वर्णनपत्रक भरणं, म्हणजे रंग, पांढऱ्या खुणा, भोवरे कागदावर उतरवणं, हा त्या कामाचा नेहमीचा भाग. येवल्याच्या मंगळवारच्या बाजारातून शिंगरू घेतलेला शेतकरी असो की वरातीसाठी घोडे ठेवणारा, रंगाचा घोळ दोघांकडेही सारखाच असतो. उत्तर बरंचसं परिस्थितीवर ठरतं: शिंगराचं वय, ऋतू, खाणं, आणि बापाची माहिती किती पक्की आहे. म्हणून फोटो न बघता मी शेवटचा शब्द देणार नाही. मात्र कोणत्या प्रश्नासाठी अंगावरची कोणती जागा बघायची हे कळलं की निम्मं कोडं तुम्ही स्वतःच सोडवाल.

आधी वेळेचं. शिंगरू जन्मतं ते जावळ घेऊन. हे केस मऊ, थोडे लोकरी, आणि रंगाला फसवे. साधारण तीन-चार महिन्यांचं झालं की ते गळायला लागतात आणि खालून आखूड, चमकदार, खऱ्या रंगाचा केस येतो. गळती चेहऱ्यापासून सुरू होते: आधी डोळ्यांभोवती आणि नाकपुड्यांच्या वर, मग पाय, आणि पोट-पुठ्ठे सगळ्यात शेवटी. म्हणजे आज तुमच्या बछेरीच्या अंगावर दोन वेगवेगळ्या वयांचे केस एकाच वेळी आहेत. गोठ्याच्या दारातून बघणाऱ्याला त्यांची सरमिसळ दिसते आणि तो त्या सरमिसळीलाच रंगाचं नाव देतो. त्यात आपल्याकडची थंडी. निफाडचा पारा उतरायला लागला की ओझर-पिंपळगावपर्यंत जनावरांच्या अंगावर दाट, निस्तेज केस चढतात, आणि त्या केसांत काळं शिंगरूही मातकट दिसतं. घोड्याची केसगळती मुख्यतः दिवसाच्या लांबीवर चालते. संक्रांतीनंतर दिवस तीळतीळ वाढायला लागला की पुढच्या काही आठवड्यांत हिवाळी केस सुटू लागतात. तुमच्या बछेरीचा रंग पहिल्यांदा स्वच्छ दिसेल तो त्या गळतीनंतर, होळीच्या आसपास. पण तोवर हातावर हात ठेवून बसायची गरज नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची जागा. वरच्या पापणीच्या वर दोन बोटं जागा असते, डोळ्याच्या खोबणीपर्यंतची. जावळ तिथून आधी गळतं, म्हणून खरा केसही आधी तिथेच दिसतो. काळ्या होणाऱ्या शिंगराला तिथे गडद कडं पडतं. सब्जा होणाऱ्या शिंगरालाही कडं तिथेच पडतं, त्याच वयात, पण पांढरट. आणि मधल्या काही आठवड्यांत, फिकं जावळ आणि नवा गडद केस एकमेकांत मिसळलेले असताना, दोन्ही कडी लांबून करडीच दिसतात. व्यापाऱ्याने करडं कडं बघून सब्जा म्हटलं, वडिलांनी त्याच कड्यातला काळा केस बघून काळी म्हटलं. दोघांनी एकच गोष्ट बघितली आणि अर्धी अर्धी सांगितली.

हे असं तपासा. सकाळी खरारा झाल्यावर, उन्हात नव्हे, सावलीत, बछेरीला आईजवळच उभी करा म्हणजे ती अंग चोरणार नाही. एका हाताने म्होरकी धरा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पापणीवरचे केस उलटे सारा आणि मुळाशी बघा. मग त्या जागेचे आणि कपाळाचे चार-पाच केस चिमटीत धरून मुळासकट ओढून घ्या. जावळ गळत असताना ते सहज येतात, तिला दुखत नाही. ते केस आधी काळ्या कापडावर, मग पांढऱ्या कागदावर ठेवा. एक-एक केस वेगळा करून मुळापासून टोकापर्यंत नजर फिरवा.

टोकाला फिका-मातकट आणि मुळाकडे गडद असा केस असेल, तर तो जावळाचाच. उन्हाने आणि वयाने त्याचं टोक फिकं पडलंय, एवढंच. त्यावरून सब्जा म्हणता येत नाही. मुळापासून टोकापर्यंत पूर्ण पांढरा, काळ्या कापडावर चांदीच्या तारेसारखा उठून दिसणारा केस असेल, आणि असे केस दोन्ही डोळ्यांभोवती सारखे असतील, तर सब्जापणाचा संशय खरा. तिसरी शक्यताही आहे. केस पांढरा नाही, काळाही नाही, बदामी-पिवळसर आहे, आणि तसेच केस नाकाडाच्या कडेला आणि कुशीतही आहेत. तर तुमचे शेजारी बरोबर असण्याची शक्यता वाढते, कारण तसा फिका पट्टा कुमैतामध्ये बऱ्याचदा असतो.

काही पांढरे केस मात्र हिशेबात धरू नका. म्होरकीच्या दोरीने घासलं तिथले, जुन्या खरचटीवर उगवलेले, गजकर्णाच्या चट्ट्यावर नंतर आलेले, किंवा कपाळावरच्या टिळ्याच्या कडेचे. हे एका जागी थांबतात. सब्जाचा पांढरा केस थांबत नाही, दर गळतीला वाढतो. म्हणून आज दोन-चार पांढरे केस सापडले तर लगेच निकाल देऊ नका. त्याच जागेचा फोटो काढून ठेवा आणि महिन्याने पुन्हा बघा. वाढले असतील तर उत्तर मिळालं.

सब्जा म्हणजे नेमकं काय, हे इथे सांगायला हवं, कारण बराच गोंधळ त्यातून होतो. सब्जा घोडा कोणत्याही रंगाचा जन्मतो: काळा, कुमैत, सुरंग (अंग, आयाळ, पाय सगळंच लालसर), अगदी अबलख (रंगीत-पांढऱ्या पट्ट्यांचा) सुद्धा. मग त्याचे केस वर्षागणिक पिकत जातात. कातडी मात्र गडदच राहते. २००८ साली स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी यामागचा गुणसूत्रातला बदल दाखवून दिला. जनुकाच्या लिपीतला सुमारे ४,६०० अक्षरांचा एक तुकडा दोनदा लिहिला गेलाय, आणि निरनिराळ्या जातींच्या सब्जा घोड्यांत तोच बदल सापडतो. हा गुण आई किंवा बाप, एकाकडून आला तरी पुरतो. तो लपून राहत नाही, एक पिढी गाळून पुढच्या पिढीत उगवत नाही. म्हणून सब्जा शिंगराच्या आईबापांपैकी एक जण सब्जा असायलाच हवा. दोघांकडून आला तर घोडा लवकर पांढरा होतो, एकाकडूनच आला तर सावकाश, आणि मग म्हातारपणी अंगावर लालसर-तपकिरी ठिपके उठतात. व्हिएन्नाच्या अश्वशाळेतले प्रसिद्ध पांढरे लिपिझानर घोडे काळसर जन्मतात आणि साधारण सहा ते दहा वर्षांचे होईपर्यंत पांढरे होतात. महाराणा प्रतापांच्या चेतकाला परंपरेत निळा घोडा म्हणतात. गडद सब्जा ऐन तारुण्यात, तीन-चार वर्षांचा असताना, खरोखर निळसर पोलादी दिसतो. आपल्या नाशिकच्या वरातींत दिसणारे पांढरे घोडे बघा. नाकाड, पापण्या, शेपटीखालची कातडी काळी असेल तर तो सब्जा, आणि एके काळी तो पांढरा नव्हता.

तुमच्या बछेरीबाबत सब्जाच्या विरुद्ध जाणारी एक खूण तुम्हीच लिहिलीत. जन्मतःच ती उंदरी करडी होती आणि पाय फिके होते. सब्जा होणारी शिंगरं पुष्कळदा उलटी असतात. जन्मतःच गडद, तुकतुकीत, मोठ्या घोड्यासारखा पक्का रंग, आणि कुमैत असेल तर पायही पहिल्या दिवसापासून काळे. "किती सुंदर काळाभोर जन्मलाय" असं ज्याच्याबद्दल म्हटलं जातं, त्याच्या डोळ्यांभोवती मी आधी बघते. काळी होणारी शिंगरं मात्र बहुतेक वेळा तुमच्या बछेरीसारखीच, राखाडी-उंदरी जन्मतात. तेवढ्यावर निकाल लागत नाही, पण पारडं वडिलांच्या बाजूला झुकतं. पहिल्या आठवड्यातले फोटो मोबाईलमध्ये असतीलच. ते शोधा, आणि कानाच्या कडा, आयाळीचं मूळ आणि पाय बघा.

मूळ रंगाकडे वळू. इथे लोक पायांकडे बघतात आणि फसतात. कुमैत म्हणजे लालसर-तपकिरी अंग आणि आयाळ, शेपूट, पाय काळे. काळ्याचं सगळंच काळं. दोघांचेही पाय मोठेपणी काळेच, आणि शिंगरपणी दोघांचेही पाय फिके असतात. म्हणजे पाय बघून कुमैत आणि काळा वेगळे करताच येत नाहीत. पायांवरून फक्त सुरंग वेगळा काढता येतो, कारण सुरंगाला पायावर, आयाळीत, कुठेच काळा केस नसतो. गुडघ्याखाली नळीवरचं जावळ बाजूला सारून बघा. खालून काळा केस येत असेल तर सुरंग हा पर्याय बाद, एवढाच त्याचा अर्थ.

कुमैत आणि काळा वेगळे होतात ते अंगावर, आणि अंगावरच्या ठरावीक जागांवर. नाकाडाची कड, कोपराच्या मागे, कुशीची घडी, मांडीच्या आतली बाजू. गडद कुमैत पाठीवर इतका काळपट होऊ शकतो की उन्हातसुद्धा काळाच वाटतो. पण या चार जागांपैकी कुठेतरी त्याचा तपकिरी-बदामी केस उरलेला असतो. खरा काळा घोडा या जागांवरही काळा. तुमच्या बछेरीचा कुशीतला केस अजून जावळच असेल, त्यामुळे आज तिथून काही कळणार नाही. नाकाडावरचा केस मात्र बदललाय असं तुम्ही म्हणता, म्हणून तिथे बघा. नाकपुडीच्या वर आणि ओठाच्या कडेला नवा आखूड केस काळाच असेल तर काळी. तिथे तांबूस झाक असेल तर कुमैत.

आता बाप. सगळ्या प्रश्नांत हा सगळ्यात मोठा, आणि फोनवर पाच मिनिटांत सुटू शकेल असाही हाच. ज्यांच्याकडे घोडी लावायला नेली होती त्यांना एकच विचारा: त्याची नाकाडाची आणि डोळ्यांभोवतीची कातडी काळी होती की गुलाबी?

काळी असेल तर बाप सब्जा. त्याच्याकडे हा गुण एकदाच, म्हणजे आईबापांपैकी एकाकडूनच, आलेला असेल तर बछेरी सब्जा असण्याची शक्यता निम्मी, दोनदा असेल तर ती सब्जा असणारच. त्याची आधीची, तीन-चार वर्षांची झालेली पिल्लं कुठे आहेत ते विचारा. सब्जा नसलेल्या घोडीपासून त्याला झालेलं एक जरी पिल्लू आज ठाम कुमैत किंवा काळं असेल, तर बापाकडे गुण एकदाच आहे आणि तुमची बछेरी सब्जा नसण्याला वाव आहे.

कातडी गुलाबी असेल तर बाप नुकरा, आणि मग सगळा हिशेब बदलतो. नुकऱ्यातही दोन प्रकार. डोळे फिके निळे आणि केस दुधाळ-मलई रंगाचे असतील, तर त्याने क्रीम नावाचा रंग फिका करणारा गुण दोन्ही बाजूंनी घेतलाय. असा घोडा प्रत्येक पिल्लाला तो गुण एकदा देतोच. मग तुमच्या कुमैत घोडीला त्याच्यापासून साधं कुमैत किंवा साधं काळं पिल्लू होणारच नाही. होईल ते पिवळसर अंगाचं आणि काळ्या आयाळीचं समंद, किंवा सोनेरी, किंवा क्रीम गुण पोटात घेतलेलं काळं. हे शेवटचं फार फसवं. काळ्या केसावर क्रीमचा परिणाम जेमतेम दिसतो, असा घोडा पुष्कळदा उन्हात विटलेल्या काळ्यासारखा दिसतो आणि डोळ्यांनी ठरवणं जवळपास अशक्य असतं. दुसरा नुकरा म्हणजे गुलाबी कातडी पण डोळे काळेभोर. तो पांढऱ्या डागांच्या गुणाने पांढरा झालेला असतो, म्हणजे अंगभर पसरलेला एकच पांढरा डाग. त्याचं पिल्लू पूर्ण पांढरं, डागाळलेलं किंवा साधं, काहीही होऊ शकतं. या दोन्ही नुकऱ्यांपैकी कोणीही बाप असेल, आणि त्याच्या पांढऱ्या रंगाखाली सब्जाचा गुणही झाकला गेलेला नसेल, तर व्यापाऱ्याचं म्हणणं बाद. आई कुमैत आहे, ती सब्जापणा देऊ शकत नाही.

आईबापांच्या रंगावरून करता येणारी आणखी दोन गणितं सांगून ठेवते, कारण बाजारात ती कामाला येतात. सुरंग-सुरंग जोडीला सुरंगच होतो, क्वचित अपवाद सोडले तर त्यांना कुमैत किंवा काळं पिल्लू होत नाही. काळ्या-काळ्या जोडीला काळं किंवा सुरंग होऊ शकतं, कुमैत नाही. म्हणून "दोन्ही काळे, पिल्लू कुमैत" असं कोणी सांगितलं तर आईबापांतला एक जण काळा नसून गडद कुमैत होता, किंवा बाप दुसराच होता.

अबलख शिंगरू घ्यायचा विचार करणाऱ्यांसाठी एक इशारा, तुमच्या प्रश्नात नसला तरी. काळे-पांढरे ठसठशीत पट्टे बघून लोक चांगली किंमत मोजतात. पण अबलखातही सब्जाचा गुण असू शकतो. तसं असेल तर काळे पट्टे पिकत जातात आणि काही वर्षांनी घोडा दुरून पांढराच दिसतो. अंग ओलं केलं तरच खालची गडद आणि गुलाबी कातडी वेगळी दिसते. घेण्याआधी काळ्या पट्ट्यातला, डोळ्याजवळचा केस तपासा आणि आईबापांत सब्जा कोण ते विचारा.

रंग वाचताना ऊन आणि खाणं विसरू नका. चैत्र-वैशाखात उघड्यावर बांधलेला काळा घोडा पाठीवर आणि आयाळीच्या टोकांना तांबूस होतो. घाम आणि ऊन मिळून केस विटतो. हा कुमैत नव्हे. पुढच्या जुटाखालचा कपाळाचा केस, आयाळीच्या आतल्या बाजूचा केस, पोटाचा केस ऊन न लागलेला असतो, तिथे काळा असेल तर घोडा काळा. तांबं आणि जस्त कमी पडलं तरीही काळा केस गंजल्यासारखा होतो. पोटात जंत असतील तर जावळ वेळेवर गळतच नाही, लोकरीसारखं चिकटून राहतं. तुमच्या बछेरीचं जंताचं औषध वयाप्रमाणे झालंय ना, तेवढं बघा. आणि रंग सुधारायला खनिज मिश्रण देणार असाल तर घोड्यासाठीचंच द्या. आपल्याकडे घरोघरी गाई आणि कोंबड्या आहेत, म्हणून हे जीव तोडून सांगते. गाईच्या आणि कोंबडीच्या काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. गाईला ते चालतं, घोड्याच्या हृदयावर मात्र ते घाला घालतं आणि थोड्या मात्रेतही जीव घेऊ शकतं. उरलेली पेंड म्हणून बछेरीपुढे ते चुकूनही टाकू नका.

बाकीच्या जोड्या थोडक्यात. गडद सुरंग कधीकधी काळपट चॉकलेटी होतो, पण पाय आणि आयाळ लालसरच. समंद आणि डन (तोही मातकट-पिवळसर दिसणारा रंग) वेगळे ओळखताना पाठीच्या कण्यावर मानेपासून शेपटीपर्यंत स्पष्ट कडांची काळी रेघ आणि पायांवर आडवे पट्टे बघा. ती जोडी मोठेपणीही टिकली तर डन. शिंगरपणी मात्र पुष्कळ साध्या कुमैतांच्या पाठीवरही धूसर रेघ असते आणि ती जावळाबरोबर जाते, म्हणून लहानपणी तिच्यावर नाव ठेवू नका. रोनमध्ये पांढरे केस अंगभर मिसळलेले असतात, पण डोकं आणि पाय गडद राहतात आणि घोडा वर्षागणिक पांढरा होत नाही. सब्जामध्ये चेहराच आधी पिकतो. शिंगराचे डोळे पहिले काही आठवडे निळसर-राखाडी दिसले तर घाबरू नका, बहुतेकांचे पुढे गडद होतात.

बाजारात काळ्या रंगाला काही ठिकाणी इतकी किंमत येते की लोक रंग चढवूनही विकतात. २०२२ मध्ये पंजाबातल्या संगरूर जिल्ह्यात एकाने बावीस लाखांहून जास्त मोजून काळा घोडा घेतला, आंघोळ घातली आणि रंग उतरून खाली लालसर घोडा निघाला, ही बातमी सगळीकडे आली होती. ओल्या कापसाने कुशीत आणि कानामागे घासून बघणं, आणि केसाचं मूळ बघणं, हे दोन्ही कोणत्याही सौद्याआधी करा.

आता कागदाचं. विम्याच्या आणि वर्णनपत्रकाच्या रकान्यात आज एकच रंग ठासून लिहू नका. माझ्याकडे ही बछेरी आली असती तर मी लिहिलं असतं: "वय ५ महिने, जावळ गळत आहे, मूळ रंग बहुधा काळा, सब्जा होण्याची शक्यता तपासणे बाकी." सब्जाच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, कारण कागदावर काळी आणि सात वर्षांनी दारात पांढरी घोडी उभी राहिली की दाव्याच्या वेळी तीच घोडी आहे हे पटवता पटवता नाकी नऊ येतात. म्हणून न बदलणाऱ्या गोष्टींवर भर द्या. भोवरे कुठे, किती, कोणत्या बाजूला फिरणारे ते काढून घ्या, ते आयुष्यभर तसेच राहतात. टिळा, पट्टा, पायांचे पांढरे मोजे यांच्या कडा नीट रेखाटा. सब्जात पांढऱ्या खुणा दिसेनाशा झाल्या तरी त्यांच्याखालची गुलाबी कातडी राहते, ओली केली की दिसते. मायक्रोचिप बसवून घेतली तर उत्तमच, तिचा पंधरा अंकी क्रमांक रंगाची पर्वा करत नाही. वर्षाची झाल्यावर रंगाचा रकाना सुधारून घ्या, आणि सब्जा असेल तर पुढेही दर एक-दोन वर्षांनी नवे फोटो जोडा.

जनुक तपासणी करावी का, असंही तुम्ही विचारलंत. फक्त उत्सुकता असेल तर गरज नाही, होळीपर्यंत थांबलात तर बहुतेक गोष्टी डोळ्यांना दिसतील. पण बाप निळ्या डोळ्यांचा नुकरा निघाला आणि बछेरी पुढे पैदाशीला ठेवायची असेल, तर क्रीमचा गुण डोळ्यांनी कळणार नाही, तिथे तपासणीचे पैसे सत्कारणी लागतात. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी काळा-लाल, कुमैत, सब्जा, क्रीम, डन या सगळ्यांची केसावरून तपासणी होते. वीस-तीस केस मुळासकट लागतात. कापलेल्या केसाचा उपयोग नाही, आणि शिंगराचे शेपटीचे केस घेणं बरं, आयाळीचे फार बारीक असतात.

सारंगखेड्याचं माझं मत स्पष्ट आहे. यंदा काळी म्हणून विकू नका. घेणाऱ्याने काळ्याचे पैसे मोजले आणि ती दोन वर्षांत करडी झाली, तर त्याचा विश्वास जाईल आणि तुमच्या दावणीचं नाव जाईल. विकायचीच असेल तर आईचा रंग, बापाबद्दल जे कळलं ते आणि डोळ्याभोवतीचे फोटो घेणाऱ्यापुढे ठेवा आणि मग भाव ठरवा. ठेवायची असेल तर रंगाने काही बिघडत नाही. सब्जा निघालीच तर एवढंच लक्षात ठेवा की सब्जा घोड्यांना उतारवयात शेपटीखाली, ओठांवर, कानाच्या खाली काळ्या गाठी येण्याचं प्रमाण खूप जास्त असतं. पंधरा वर्षांपुढच्या सब्जांत बहुसंख्यांना त्या कुठे ना कुठे सापडतात. बऱ्याच गाठी हळू वाढतात, तरी खरारा करताना शेपूट उचलून बघायची सवय घोडीची देखभाल करणाऱ्या मोतद्दाराला लहानपणापासून लावा.

आता तुमच्याकडून मला हवं ते: बापाच्या कातडीचा आणि डोळ्यांचा रंग, पहिल्या आठवड्यातला एक फोटो, आणि आजचे चार. डावा डोळा जवळून, उजवा डोळा जवळून, नाकाडाची कड, आणि गुडघ्याखाली जावळ सारून दिसणारी नळी. सगळे सकाळी, सावलीत, फ्लॅश बंद ठेवून आणि फोनचं सौंदर्य-फिल्टर काढून. फोटोत कडेला एक पांढरा कागद धरा, म्हणजे कॅमेऱ्याने रंग किती बदललाय ते मला ओळखता येईल.